वर्षानुवर्षांची नोंद : ब्रिटनचे पर्यावरण-बदल निरीक्षण जाळे

पर्यावरणातील बदल बहुधा सावकाश होतो आणि त्यामागे अनेक कारणे गुंतलेली असतात. तो ओळखायचा तर हवा, पाऊस, माती, पाणी, झाडे आणि प्राणी यांची मोजमापे एकाच जागी, एकाच पद्धतीने आणि वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. राष्ट्रीय पातळीवर हे काम कसे चालते, याचा चांगला नमुना म्हणजे ब्रिटनमधील ‘एन्व्हायर्न्मेंटल चेंज नेटवर्क’, अर्थात पर्यावरण-बदल निरीक्षण जाळे. 1992 साली त्याची सुरुवात झाली. आधी जमिनीवरील केंद्रे उभी राहिली आणि 1994पासून नद्या व तलावही त्यात आले. शेतीसंशोधन संस्था, वनसंशोधन संस्था, निसर्गसंवर्धन खाती, विद्यापीठे अशा अनेक संस्था आपापली केंद्रे चालवतात. त्यांच्या कामाचा मेळ घालणे आणि सगळी आकडेवारी एका ठिकाणी सांभाळणे, ही जबाबदारी ब्रिटनच्या परिसंस्था व जलविज्ञान केंद्राकडे आहे.

एकेकटे मोजमाप अपुरे का पडते

मराठवाड्यातल्या एखाद्या गावात विहीर मार्चमध्येच तळ गाठू लागली, तर कारण काय समजायचे? पाऊस कमी झाला असेल, शिवारात बोअर वाढले असतील, ज्वारीच्या रानात ऊस आला असेल किंवा वरच्या अंगाला ओढा अडवला गेला असेल. विहिरीची पातळी नुसती मोजत राहिले तर पाणी किती खाली गेले ते कळेल, पण ते का गेले ते कळणार नाही. त्यासाठी पाऊस, उपसा आणि पीक यांच्या नोंदी त्याच पाणलोटातून आणि त्याच काळातल्या हव्यात. म्हणूनच महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी ठरलेल्या महिन्यांत मोजते आणि ती पावसाच्या आकड्यांशी ताडून पाहते.

पर्यावरणाच्या अभ्यासात नेहमी दोन अडचणी येतात. पहिली अडचण नैसर्गिक चढउतारांची. एका ओल्या, थंड उन्हाळ्यात फुलपाखरे निम्म्यावर येतात आणि पुढच्या उबदार वर्षी पुन्हा वाढतात. दोन-चार वर्षांच्या नोंदी पाहून ऱ्हास झाला म्हणावे तर तो चढउतार निघतो. उलट खरा ऱ्हास चालू असेल, तर तो अशा चढउतारांत झाकून जातो. ओघ नेमका कोणत्या दिशेला आहे ते दिसायला दहा-वीस वर्षे लागतात. दुसरी अडचण कारणांच्या गुंत्याची. तापमान वाढत असते, त्याच वेळी प्रदूषण घटत किंवा वाढत असते, खतांचा वापर बदलतो, चराई बदलते. एकाच कुरणावर या सगळ्यांचा परिणाम होत असतो. कारण आणि परिणाम या दोहोंची मोजमापे शेजारी शेजारी घेतली, तरच कोणत्या कारणाचा वाटा किती हे वेगळे काढता येते. एकत्रित निरीक्षणातला ‘एकत्रित’ हा शब्द याच अर्थाने वापरला जातो.

जुन्या नोंदींचा वारसा

हे जाळे ब्रिटनमध्ये उभे राहिले, यामागे तिथली नोंदी जपण्याची जुनी परंपरा आहे. हर्टफर्डशायर परगण्यातील रॉथमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी 1843 साली गव्हाच्या शेतावर खतांचा प्रयोग सुरू केला. तो आजही चालू आहे. 1856मध्ये तिथेच गवताच्या कुरणावर दुसरा प्रयोग सुरू झाला. एकाच कुरणाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांना वेगवेगळी खते दिल्यावर कोणती वनस्पती टिकते आणि कोणती नाहीशी होते, हे त्यातून दीडशेहून अधिक वर्षे पाहिले जात आहे. या प्रयोगांतील माती, धान्य आणि गवत यांचे तीन लाखांहून अधिक नमुने बरण्यांत व डब्यांत जपून ठेवलेले आहेत. ज्या प्रदूषकांची नावेही लॉज आणि गिल्बर्ट यांना ठाऊक नव्हती, ती पुढच्या पिढ्यांनी याच जुन्या नमुन्यांत शोधली.

ऑक्सफर्डजवळच्या वायथम वनात 1947पासून रामगंगा पक्ष्याच्या जातभाईंचा, म्हणजे तिथे ‘ग्रेट टिट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास चालू आहे. वसंत ऋतू लवकर उबदार होऊ लागला, तसे हे पक्षी 1960च्या दशकाच्या तुलनेत सुमारे दोन आठवडे आधी अंडी घालू लागले, हे या नोंदींतून दिसले.

दीर्घ नोंदींचे मोल जगाला पटले ते मात्र अंटार्क्टिकामुळे. तिथल्या हॅली केंद्रावर ब्रिटिश शास्त्रज्ञ 1950च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वातावरणातील ओझोन मोजत होते. अनेक वर्षे त्यात काही विशेष आढळले नाही. पुढे वसंतातील ओझोन वर्षागणिक घटत चालल्याचे दिसले आणि 1985मध्ये जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँकलिन यांनी तो निष्कर्ष प्रसिद्ध केला. आधीची पंचवीसहून अधिक वर्षांची कंटाळवाणी वाटणारी आकडेवारी हाताशी होती, म्हणूनच घट म्हणजे घटच आहे हे ठामपणे सांगता आले. ओझोन वाचवण्यासाठीचा मॉन्ट्रियल करार 1987 साली झाला.

केंद्रे कुठे आहेत

या जाळ्यातील जमिनीवरची केंद्रे बारा ठिकाणी उभी राहिली. ती निवडताना ब्रिटनमधील निरनिराळे हवामान आणि जमिनीचे निरनिराळे वापर त्यांत येतील, असे पाहिले गेले. उत्तर इंग्लंडमधील मूर हाऊस हे डोंगराळ, पावसाळी आणि पीटच्या जमिनीचे केंद्र आहे. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे व वनस्पतींचे ओले, काळपट थर. हजारो वर्षांत साठलेला कर्ब त्यांत कोंडलेला असतो. वेल्समधील सर्वांत उंच डोंगर इर विद्वा, अर्थात स्नोडन, आणि स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म्स ही पर्वतीय केंद्रे आहेत. स्कॉटलंडमध्येच ग्लेनसॉ आणि सोअरहोप या मेंढ्यांच्या चराईच्या जागा आहेत. दक्षिणेला ॲलिस होल्ट येथे ओकचे वन आहे आणि पोर्टन येथे चुनखडीवरचे गवताळ रान. डेव्हनमधील नॉर्थ वाइक आणि उत्तर आयर्लंडमधील हिल्सबरो येथे कुरणांची शेती आहे. रॉथमस्टेड आणि वायथम हीसुद्धा या जाळ्याचीच केंद्रे. म्हणजे जुन्या नोंदी जिथे होत्या, त्या जागा शक्य तिथे जोडून घेण्यात आल्या.

यांच्या जोडीला चाळीसहून अधिक नद्या व तलावांवरील ठिकाणे आहेत. त्यांत इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशातील विंडरमियर आणि स्कॉटलंडमधील लॉक लेव्हन असे बराच काळ अभ्यासले गेलेले तलाव येतात.

काय मोजतात आणि कसे

प्रत्येक केंद्रावर सुमारे एक हेक्टरचा तुकडा माती आणि वनस्पतींच्या मुख्य अभ्यासासाठी राखलेला असतो. तिथे काय, कधी आणि कोणत्या साधनाने मोजायचे, याची तपशीलवार कार्यपद्धती पुस्तकरूपात ठरवून दिलेली आहे. स्कॉटलंडमधला निरीक्षक आणि डेव्हनमधला निरीक्षक एकमेकांना कधी भेटलेले नसले, तरी त्यांचे आकडे एका रांगेत मांडता येतात ते या पुस्तकामुळेच.

स्वयंचलित हवामान केंद्र तापमान, पाऊस, वारा, आर्द्रता आणि सूर्यप्रकाश यांची दर तासाची नोंद ठेवते. पावसाचे पाणी दर आठवड्याला गोळा करून त्यातील आम्लता, गंधक आणि नत्र तपासले जाते. हवेतील नायट्रोजन डायऑक्साइड आणि अमोनिया शोषून घेणाऱ्या छोट्या नळ्या खांबांना लावलेल्या असतात. त्या ठरावीक मुदतीने बदलून प्रयोगशाळेत पाठवतात. जमिनीत दोन वेगवेगळ्या खोलींवर सच्छिद्र नळ्या बसवून मातीतले पाणी दर पंधरवड्याला ओढून घेतात. आकाशातून पडलेल्या पावसाचे मातीत गेल्यावर काय होते, हे त्यावरून समजते. मातीचे घटक मात्र फार हळू बदलतात, म्हणून मातीची तपासणी पाच वर्षांनी आणि अधिक सखोल तपासणी वीस वर्षांनी होते.

प्राण्यांपैकी पर्यावरणातील बदलाला लवकर प्रतिसाद देणारे जीव निवडलेले आहेत. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत निरीक्षक आठवड्यातून एकदा ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या गतीने चालतो आणि आपल्या पुढ्यातल्या पाच मीटरच्या टप्प्यात दिसणारी फुलपाखरे मोजतो. ऊन आणि ऊब पुरेशी असेल तरच त्या दिवसाची मोजणी धरली जाते. पतंगांसाठी रात्री दिव्याचा सापळा लावतात. जमिनीवर धावणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी प्रत्येकी दहा पेल्यांच्या तीन रांगा काठोकाठ जमिनीत पुरतात. रात्री फिरणारे भुंगेरे त्यांत पडतात. मेपासून शरद ऋतूपर्यंत दर पंधरवड्याला हे पेले रिकामे करून त्यांतील प्रत्येक जात ओळखली जाते. बेडूक डबक्यात कधी जमले, अंड्यांचा पहिला पुंजका कधी दिसला आणि पिल्ले कधी बाहेर आली, याच्या तारखा लिहिल्या जातात. गवताच्या काडीवर थुंकीसारखा फेस करून राहणारे तुडतुडे, पक्षी आणि वटवाघळे यांचीही मोजणी होते. ससे आणि हरणे सहसा नजरेस पडत नाहीत, म्हणून त्यांच्या लेंड्या मोजून अंदाज बांधतात.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला असे निरीक्षण अपरिचित नाही. मृगाचा किडा दिसणे, बहावा फुलणे, कावळ्याने घरट्याला फांदी निवडणे यांवरून पावसाचा अंदाज बांधण्याची रीत जुनी आहे. शास्त्रीय नोंद तिथून एक पाऊल पुढे जाते. किडा दिसला ती तारीख, ती जागा आणि त्या दिवशीचे तापमान लिहून ठेवायचे, आणि दिसला नाही तर तेही लिहायचे. आठवणीत नेहमी वेगळे, उठून दिसणारे वर्ष राहते. सर्वसाधारण वर्ष राहते ते वहीत.

नोंदींनी काय सांगितले

पहिला ठळक निष्कर्ष दिलासा देणारा आहे. विसाव्या शतकात ब्रिटनमधील कारखान्यांच्या आणि वीजकेंद्रांच्या कोळशाच्या धुरातून गंधकाचे वायू मोठ्या प्रमाणात हवेत जात होते. त्यांतून आम्लवर्षा होई आणि उंचावरील माती, ओढे व तलाव आम्लधर्मी होत. कोळशाऐवजी नैसर्गिक वायू, धुरातून गंधक वेगळे काढणारी यंत्रणा, कमी गंधकाचे इंधन आणि कडक कायदे यांमुळे 1970नंतर ब्रिटनमधील सल्फर डायऑक्साइडचे उत्सर्जन नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. निरीक्षण जाळ्याच्या पहिल्या वीस वर्षांत याचा परिणाम पायरीपायरीने दिसला. आधी पावसातील गंधक घटले, मग अनेक केंद्रांवर मातीतील पाण्याचा सामू वाढला, म्हणजे आम्लता कमी झाली, आणि डोंगराळ भागांत वनस्पतींच्या जातींची विविधता वाढू लागल्याची चिन्हे दिसली. धुराड्यापासून डोंगरातल्या रोपट्यापर्यंतची साखळी जोडता आली, कारण तिची प्रत्येक कडी एकाच जागी मोजली जात होती.

दुसरी गोष्ट तपकिरी पाण्याची. 1980च्या दशकापासून ब्रिटन, उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेतील अनेक ओढे व तलाव चहाच्या पाण्यासारखे गडद होत चालल्याचे दिसू लागले. पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कर्ब वाढत होता. पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्यांना याची काळजी होती, कारण असे पाणी स्वच्छ करायला खर्च जास्त येतो आणि क्लोरीनशी या कर्बाची क्रिया होऊन आरोग्याला घातक संयुगे बनू शकतात. त्याहून मोठी भीती पीटच्या जमिनींविषयी होती. तापमानवाढीमुळे हजारो वर्षांचा साठा सुटा होऊन वाहून चालला आहे, असा संशय होता. दुष्काळ आणि हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड हीसुद्धा कारणे सुचवली गेली.

2007 साली डॉन मॉन्टीथ आणि त्यांच्या अनेक देशांतील सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिका व उत्तर युरोपमधील 522 तलाव आणि ओढ्यांच्या नोंदी एकत्र तपासल्या. जिथे आम्लवर्षा जास्त घटली होती, तिथेच पाण्यातील सेंद्रिय कर्ब जास्त वाढलेला आढळला. आम्लधर्मी मातीत सेंद्रिय पदार्थ कमी विरघळतात. माती आम्लवर्षेतून सावरू लागली तसे ते पुन्हा विरघळून पाण्यात येऊ लागले. जो रंग नव्या आजाराचे लक्षण वाटला होता, तो बऱ्याच अंशी जुन्या आजारातून बरे होण्याचे लक्षण होता. पाण्याचा रंग आणि तापमान एवढेच मोजले असते, तर दोन्ही सोबत वाढताना दिसले असते आणि दोष चुकीच्या कारणावर गेला असता. पावसातील गंधकाच्या नोंदी होत्या म्हणून ही चूक टळली. तापमानवाढीचा धोका त्यामुळे नाहीसा होत नाही. पीट कोरडे पडले तर त्यातला कर्ब हवेत जातोच, म्हणून मोजणी पुढे चालू ठेवावी लागते.

तिसरा निष्कर्ष चिंतेचा आहे. जमिनीवर धावणारे भुंगेरे गोगलगायी आणि पिकांवरील किडी खातात, शिवाय ते स्वतः पक्ष्यांचे खाद्य असतात. या जाळ्यातील अकरा केंद्रांवरच्या 68 जातींच्या पंधरा वर्षांच्या नोंदी 2012 साली प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जाती घटलेल्या आढळल्या आणि घटलेल्यांपैकी निम्म्या जातींचा ऱ्हास दहा वर्षांत 30 टक्क्यांहून अधिक या वेगाने झाला होता. ही घट सगळीकडे सारखी नव्हती. पर्वतीय भाग, उत्तरेकडील ओसाड माळ आणि पश्चिमेकडील कुरणे येथे ती ठळक होती, तर वनांत आणि शेताच्या कुंपणाच्या झाडोऱ्यात भुंगेरे टिकून होते. झाडी आणि कुंपणे राखणे का गरजेचे आहे, याचा आधार शेतकऱ्याला आणि धोरण आखणाऱ्याला अशा आकड्यांतून मिळतो.

नोंद अखंड ठेवण्याचे काम

दीर्घकालीन निरीक्षणाला सर्वांत मोठा धोका खंड पडण्याचा असतो. साधने जुनी होतात, माणसे निवृत्त होतात, अनुदान तीन-चार वर्षांचे असते आणि त्या मुदतीत नवा शोध हाती लागेलच असे नसते. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी 1958मध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. जगातील हवामानबदलाची सर्वांत प्रसिद्ध नोंद हीच. पण पैसे कमी पडल्यामुळे 1964 साली तीही काही महिने थांबली होती. निसटलेल्या महिन्यांची हवा पुन्हा मोजता येत नाही.

साधन किंवा जागा बदलायची वेळ आली, तर जुने आणि नवे मोजमाप काही काळ बरोबरीने चालवावे लागते. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी 1840च्या दशकापासून होत होती. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, त्यांच्या विजेने सूक्ष्म चुंबकीय नोंदी बिघडणार, हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. 1904मध्ये ती सुरू झाली, पण कुलाब्याचे काम लगेच थांबवले नाही. 1906पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी झाली. त्यामुळे दोन ठिकाणच्या आकड्यांतला फरक कळला आणि कुलाब्यापासून अलिबागपर्यंतची मालिका अखंड राहिली.

इतर देश आणि भारत

अमेरिकेत 1980 साली दीर्घकालीन परिसंस्था संशोधनाचे राष्ट्रीय जाळे सुरू झाले. तिथल्या हबर्ड ब्रूक वनात त्याआधीच, 1963पासून, ओढ्यांच्या आणि पावसाच्या नोंदी चालू होत्या. त्यांतूनच अमेरिकेतील आम्लवर्षा उजेडात आली. पुढे 81 ठिकाणे असलेले राष्ट्रीय परिसंस्था वेधशाळेचे जाळेही तिथे उभे राहिले आणि त्याची आखणी तीस वर्षांच्या कामासाठी आहे. चीनने 1988मध्ये आपले जाळे उभारले. 1993पासून अशा राष्ट्रीय जाळ्यांची आंतरराष्ट्रीय संघटनाही कार्यरत आहे.

भारतात स्वतंत्र नोंदींची परंपरा समृद्ध आहे. हवामान खाते 1875पासून काम करते. वनक्षेत्राचा अहवाल 1987पासून साधारण दर दोन वर्षांनी निघतो. शहरांतील हवा आणि नद्यांचे पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळे तपासतात. महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा 2012पासून आहे. तमिळनाडूतील मुदुमलाईच्या वनात भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1988मध्ये 50 हेक्टरचा तुकडा आखून त्यातल्या एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक खोडाला क्रमांक दिला. ती झाडे आजही पुन्हा पुन्हा मोजली जातात. 2015 साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने हिमालयापासून पश्चिम घाट आणि अंदमानपर्यंत दीर्घकालीन परिसंस्था-वेधशाळांचा कार्यक्रम जाहीर केला.

यांतील बहुतेक नोंदी मात्र वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या कारणांसाठी ठेवल्या जातात. पाऊस एकीकडे मोजला जातो, माती दुसरीकडे आणि पक्षी तिसरीकडे. पश्चिम घाटातील एका पाणलोटात पाऊस, ओढ्याचे पाणी, माती, झाडे, बेडूक आणि फुलपाखरे यांची मोजणी एकाच पद्धतीने पंचवीस वर्षे चालली, तर तिथल्या बदलाबद्दल अंदाजाने बोलण्याची गरज उरणार नाही. त्यासाठी लागणारी साधने फार महाग नाहीत. जमिनीत पुरलेला पेला, पर्जन्यमापक, वही आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वाटेने चालणारा माणूस यांच्यावर ब्रिटनच्या जाळ्याचा मोठा भाग उभा आहे. महाग आहे ते सातत्य. ते टिकवण्याची हमी शासनाने द्यायची असते, कारण आज सुरू केलेल्या नोंदीचा खरा उपयोग पुढच्या पिढीला होणार असतो.